खडक आणि माती शिकवताना: दगड आधी हातात, नाव शेवटी

सहावीच्या भूगोलात खडकांचा पाठ आहे, सातवीत मृदा आणि आठवीत पृथ्वीचे अंतरंग. बहुतेक वर्गांत तिन्हींची सुरुवात एकाच वाक्याने होते: "खडकांचे तीन प्रकार लिहून घ्या." मुलं लिहून घेतात, पाठही करतात. मग शाळेच्या पायरीचा दगड दाखवून "हा कुठला?" विचारलं की वर्ग गप्प होतो. ज्या दगडावर बसून पोरं रोज डबा खातात, तोच त्यांना ओळखता येत नाही. चूक मुलांची नाही, आपण शिकवण्याचा क्रम उलटा लावलेला असतो.

माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. आता मी हाच भाग आठ-नऊ तासांत, खालच्या क्रमाने घेते. सहावीला सगळे टप्पे घ्या. सातवीला टप्पा ६ आणि ७ वर जास्त वेळ द्या. टप्पे गाळले तरी चालतील, पण त्यांचा क्रम बदलू नका.

## पूर्वतयारी: पंधरा दिवस आधी

नमुने. विकतची खडकपेटी असेल तर ती कपाटातच ठेवा. तिच्यातले तुकडे सुपारीएवढे असतात आणि प्रत्येकावर नाव चिकटवलेलं असतं. नाव दिसलं की मूल दगडाकडे बघणं थांबवतं.

नमुने गावातच मिळतात. फरशीच्या दुकानाबाहेर तुकड्यांचा ढीग असतो, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. खडी क्रशरवर बेसॉल्ट मिळतो, पाथरवटाकडे त्याच्या ताज्या कपच्या. मी हे बारा नमुने ठेवते:

खडीचा काळा बेसॉल्ट, भोकं आणि पांढरे मणी असलेला बेसॉल्ट, शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा, दाणेदार ग्रॅनाइट, संगमरवर, जुनी दगडी पाटी, वालुकाश्म, जांभा, विटेचा तुकडा आणि काँक्रीटचा तुकडा.

शेवटचे दोन खडक नाहीत हे मुलांना आधी सांगायचं नाही. त्यांच्यामुळे वर्गात जी चर्चा होते ती बाकी दहा दगड मिळूनही होत नाही.

पाच-सहा मुलांच्या गटाला एक संच लागतो, म्हणजे चाळीसच्या वर्गाला सात संच. तुकडे अर्ध्या मुठीएवढे असावेत. धुऊन, वाळवून त्यांवर व्हाइटनरने फक्त क्रमांक टाका. नावांची यादी तुमच्या वहीत राहू द्या.

तीन गोष्टी तपासा:

- प्रत्येक नमुन्याची निदान एक बाजू ताजी फुटलेली हवी. उन्हापावसात पडलेल्या बेसॉल्टवर तपकिरी साल चढते, आतून तो काळपट करडा असतो. ताजी बाजू नसेल तर मुलं एकाच दगडाचे दोन प्रकार करतात.
- ओट्याचा "काळा ग्रॅनाइट" घेऊ नका. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबाने तो बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रोसारखा वेगळाच अग्निजन्य खडक असतो. गुलाबी किंवा करडा, ठिपकेदार ग्रॅनाइट आणा.
- संगमरवर म्हणून चिनी मातीची टाइल तर आली नाही ना, ते कडेने पाहा. टाइलची नक्षी फक्त वरच्या थरात असते.

इतर सामान. भिंगं, लोखंडी खिळे, पांढरा व्हिनेगर, ड्रॉपर, तुरटी, ५० मीटर सुतळी, झाकणाच्या पारदर्शक बाटल्या. हातोडा एकच आणि तो शिक्षकाच्या हातात. दगड फोडताना चष्मा लावा, मुलांना दहा पावलं लांब उभं करा. कपची डोळ्यात जायला क्षणही लागत नाही.

## टप्पा १: शाळेच्या खाली काय आहे?

पहिला तास पुस्तकाविना. एकच प्रश्न फळ्यावर लिहा: "इथे विहीर खणली तर काय काय लागेल?"

आदल्या दिवशी मुलांना घरी विचारून यायला सांगा. विहीर खणणारे, बोअर मारणारे आणि म्हातारी माणसं यांच्याकडे याचं नेमकं उत्तर असतं आणि शब्दही नेमके असतात: वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक), मध्येच गेरूचा लाल थर, खाली काळा पाषाण. मुलांनी आणलेले शब्द तसेच फळ्यावर घ्या आणि उभा छेद काढा. हा छेद शेवटच्या तासापर्यंत भिंतीवर राहू द्या.

सावध: पुण्या-नाशिकचा छेद सगळीकडे चालत नाही. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग बेसॉल्टचा असला तरी पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात खडक बदलतो. भंडाऱ्याच्या शाळेत "आपल्या पायाखाली लाव्हा थिजलेला आहे" असं ठोकून दिलं तर ते खोटं ठरू शकतं. आधी आपल्या तालुक्याची खात्री करा.

कुणीतरी विचारतंच, "बाई, काळा पाषाण संपल्यावर काय?" याला चांगलं उत्तर आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली गेली, तेव्हा काही छिद्रांत हजार मीटरच्या आतच बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) जातीचा कितीतरी जुना खडक लागला. हे ऐकल्यावर मुलं छेदाच्या तळाशी आपणहून एक रेघ वाढवतात.

## टप्पा २: नावाविना वर्गवारी

सगळ्यात महत्त्वाचा तास हा. गटांना संच द्या आणि म्हणा, "यांचे ढीग करा. किती करायचे ते तुम्ही ठरवा. फक्त प्रत्येक ढिगाचं कारण सांगता आलं पाहिजे."

पहिल्या फेरीत ढीग रंगावर होतात. बेसॉल्ट, कडप्पा आणि पाटी एका ढिगात जातात, कारण तिन्ही काळे. इथे आपली जीभ आवरा. "चुकलं" म्हणू नका. ढिगाचं कारण वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या फेरीला भिंग द्या. आता प्रश्न तीनच:

1. दाणे दिसतात का? सगळे सारखे की वेगवेगळे?
2. थर किंवा पापुद्रे आहेत का?
3. भोकं आहेत का? आत काही भरलंय का?

दुसऱ्या फेरीत ढीग मोडतात. पाटीची कड भिंगाखाली पापुद्र्यांची दिसते, बेसॉल्टची दिसत नाही. काँक्रीटच्या तुकड्यात खडीचा बेसॉल्ट सापडला की गटात भांडण लागतं: "हा दगड आहे की दगडांचा दगड?" लागू द्या भांडण.

एका वर्षी पाचव्या बाकावरची मुलगी नमुना क्रमांक २ घेऊन माझ्याकडे आली. "बाई, दगडाला बुरशी लागलीय." भोकातला पांढरा मणी मधोमध फुटला होता. भिंगाखाली त्यात एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या बारीक सुया दिसत होत्या, कापूस पिंजल्यासारख्या. मी तिला नखाने खरवडायला सांगितलं. निघेना. "मग बुरशी नाही," ती म्हणाली, "बुरशी निघाली असती." ते झिओलाइट होतं. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले. मी शब्द सांगितला तो तिने खरवडून पाहिल्यावर. आधी सांगितला असता तर तिने खरवडलंच नसतं.

नेहमीची चूक: तास संपत आला म्हणून घाईने "बरोबर ढीग" सांगून टाकणं. तास अर्धवट राहिला तरी चालेल. ढीग तसेच झाकून ठेवा, उद्या पुढे चालू करा.

## टप्पा ३: दोन चाचण्या

ओरखडा. खिळ्याने ताज्या बाजूवर रेघ ओढायची. शहाबादी, कडप्पा, संगमरवर यांवर चर पडतो. ग्रॅनाइटच्या काचेसारख्या दाण्यांवर, म्हणजे क्वार्ट्झवर, पडत नाही.

इथे निम्मे गट फसतात. कठीण दगडावर खिळा घासला की चकाकती रेघ उमटते आणि मुलं लिहितात "ओरखडा पडला." प्रत्यक्षात दगडाने खिळा झिजवलेला असतो. *तपासा:* ओलं बोट रेघेवरून फिरवा. रेघ पुसली गेली तर ती लोखंडाची. नख अडकलं तर ओरखडा खरा.

आम्ल. खिळ्याने थोडी भुकटी पाडा, तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. नुसत्या गुळगुळीत फरशीवर व्हिनेगर ओतून "काहीच होत नाही" म्हणणारे शिक्षक मी बरेच पाहिले. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून भुकटी हवीच. शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुनखडक आहेत आणि संगमरवर हा चुनखडकाचाच रूपांतरित अवतार. चौघांवरही बुडबुडे येतात, काहींवर सावकाश. प्रयोगशाळेतलं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचं असेल तर ते सौम्य केलेलंच आणि शिक्षकाच्या हातूनच. सौम्य करताना पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

दोन निकाल मुलांना गोंधळात टाकतात, त्यांची तयारी ठेवा. काँक्रीटही फसफसतं, कारण त्यातल्या सिमेंटमध्ये कालांतराने कार्बोनेट तयार होतं. आणि बेसॉल्टमधले काही पांढरे मणी फसफसतात, काही नाही. फसफसणारा मणी कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचा. त्यामुळे "बेसॉल्टवर बुडबुडे आले" असं वहीत दिसलं तर विचारा: थेंब नक्की कुठे टाकला होता?

## टप्पा ४: दाणे मोठे का, बारीक का?

आता मुलांना स्वतःलाच प्रश्न पडलेला असतो: ग्रॅनाइटमध्ये दाणे दिसतात, बेसॉल्टमध्ये का नाहीत? प्रयोग इथेच करायचा, याच्या आधी नाही.

२०० मिली कडक गरम पाण्यात ५० ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवा आणि कापडातून गाळा. निम्मं द्रावण एका पेल्यात घेऊन पेला थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि चमच्याने सतत ढवळा. उरलेला पेला शालीत गुंडाळून खोक्यात ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. पहिल्यात साखरेच्या पिठीसारखा गाळ बसतो. दुसऱ्यात तळाशी पैलूदार, डोळ्यांना सहज दिसणारे खडे मिळतात.

सावध: गरम पाणी शिक्षकानेच ओतायचं. गाळायला विसरू नका. न विरघळलेली पूड तळाशी राहिली तर तिच्याभोवती भराभर बारीक खडे जमतात आणि दोन्ही पेले सारखेच दिसतात.

मुलांना एक फरक आवर्जून सांगा. इथे स्फटिक पाण्यातल्या द्रावणातून आले, खडकात ते वितळलेल्या रसातून येतात. सारखेपणा आहे तो फक्त वेगाचा: जमिनीवर पसरलेला लाव्हा लवकर थिजला म्हणून बेसॉल्टचे दाणे बारीक, खोल जमिनीत हळूहळू निवलेल्या ग्रॅनाइटचे मोठे.

आणि कळकळीची विनंती: खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी या पाठात आणू नका. प्रदर्शनात टाळ्या मिळतात, पण मूल शिकतं ते असं की लाव्हा रासायनिक फसफसण्यातून बाहेर येतो आणि ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर. आपल्या दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरला. त्याऐवजी कोमट काकवी ताटलीत ओता. ती पातळ, दूरवर पसरते. ती निवल्यावर दुसरा थर ओता. मग खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बोट दाखवा: पायऱ्या दिसतात त्या का दिसतात? घट्ट थरांचे कडे उभे राहतात, भोकांचे मऊ थर झिजून उतार होतात.

## टप्पा ५: सुतळीवरचा काळ

४६ मीटर सुतळी मैदानावर ताणा. प्रमाण फळ्यावर लिहा: १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख, १ मिलिमीटर म्हणजे १ लाख. एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरं टोक आज.

आजच्या टोकाकडून मोजायला लावा: डायनोसॉर सुमारे २ मीटर ३० सेंटिमीटरवर, दख्खनचा बेसॉल्ट ६६ सेंटिमीटरवर, आपली मानवजात ३ मिलिमीटरवर. ते ३ मिलिमीटर दाखवायला पेन्सिलीचं टोक लागतं. बेसॉल्ट ओतला जाण्याचा मुख्य काळ दहा लाख वर्षांच्या आसपास धरला, तरी तो एका बोटाच्या रुंदीत मावतो.

नेहमीची चूक: "६६ दशलक्ष"चे "६६ कोटी" करणं. मराठी लेखांतही ही चूक दिसते. ६६ दशलक्ष म्हणजे ६.६ कोटी. सुतळीवर याने सहा मीटरचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक खूण लावण्याआधी एका मुलाला आकडा मोठ्याने वाचायला सांगा.

## टप्पा ६: क्षेत्रभेट, आणि दगडाची माती

दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात दरडी सैल असतात, तेव्हा कोणत्याही कापलेल्या कड्याखाली मुलांना नेऊ नका. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, पाणी, प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी गृहीतच आहेत. आदल्या दिवशी स्वतः जाऊन जागा पाहून या. दगड हाताने उलटायचा नाही, आधी काठीने हलवायचा. खाली विंचू असतो.

जागा लांबची नको. गावाबाहेरच्या ओढ्याची धार, रहदारी नसलेल्या रस्त्याचा बुटका कापलेला काठ, शेतातलं नवं शेततळं पुरे. शोधायचे ते गोल धोंडे, ज्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. बेसॉल्टला आडव्याउभ्या भेगा असतात. पाणी भेगांतून शिरतं, कोपरे सगळ्यांत आधी कुजतात, आणि चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा होतो. मुलांना अंगठ्याने वरचा पापुद्रा दाबायला सांगा. बाहेरचा चुरतो, त्याच्या आतला सहजी तुटत नाही, गाभा ढिम्म हलत नाही.

इथे पाच बाटल्या भरा: गाभ्याची कपची, आतला पापुद्रा, बाहेरचा पापुद्रा, मुरूम, वरची माती. वर्गात ओळीने मांडल्या की दगडाची माती होताना डावीकडून उजवीकडे दिसते. "विदारण" हा शब्द मी या पाच बाटल्यांसमोर उभी राहूनच उच्चारते.

नियम: एक नमुना, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख, जमिनीपासून खोली. चिठ्ठी नसलेला नमुना तिथेच सोडून यायचा, नाहीतर दप्तरं दगडांनी भरतात आणि कुठला कुठून आणला हे कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ७: मातीच्या दोन चाचण्या

पहिली बाटलीची. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतात. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. ते अपयश नाही, तोच निकाल आहे.

दुसरी आकसण्याची. पीव्हीसी पाइपचे १० सेंटिमीटर लांबीचे उभे अर्धे तुकडे करा, आतून तेल लावा, काळी आणि लाल माती लोण्यासारखी मळून भरा. सावलीत पूर्ण वाळल्यावर पट्टीने लांबी मोजा. काळी माती सेंटिमीटरभर किंवा जास्तच आकसते, लाल फार कमी. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा का पडतात, ते पट्टीवर मोजून मिळतं. लाल माती जवळ नसेल तर कोकणातल्या एखाद्या शाळेशी अर्ध्या किलोची अदलाबदल करा.

मग विचारा: खडक तोच, तर कोकणात लाल जांभा आणि इकडे काळी का? कोकणातल्या धो धो पावसात सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. कोरड्या पठारावर हे वाहून जाणं कमी.

चूक: "काळी म्हणजे सेंद्रिय द्रव्य भरपूर." तसं नाही. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा कमीच असतो.

## टप्पा ८: आता पुस्तक उघडा

अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही नावं आता द्या. मुलांच्या ढिगांवर ती चपखल बसतात, एका तासात पाठ संपतो.

खडकचक्राची आकृती काढताना बाण फक्त गोल फिरवू नका, आडवेतिडवेही काढा. नाहीतर मुलं समजतात की प्रत्येक खडक ओळीने तिन्ही घरं फिरतो. आठवीला अंतरंग शिकवताना "खाली सगळा लाव्हाच आहे" हा समज खोडा: कवचाखालचं प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत आहे आणि ते जवळजवळ सगळं घनरूप आहे. आकृतीत त्याला नारिंगी रंग देऊन ज्वाळा काढल्या की हा समज पक्का होतो. रंग बदला.

## टप्पा ९: तपासणी

प्रत्येक मुलाला आधी न दाखवलेला एक दगड द्या. दहा गुण असे: काय दिसलं याला पाच, कुठली चाचणी केली आणि काय निघालं याला तीन, नावाला दोन. निरीक्षण चोख आणि नाव चुकलं, तर आठ गुण द्याच. नाव बरोबर पण निरीक्षणाची जागा कोरी असेल तर दोनच.

नंतर सगळे नमुने स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवून ठेवा, विशेषतः व्हिनेगर पडलेले. नाहीतर त्यांच्यावर पांढरी पुटं धरतात आणि पुढच्या वर्षीची मुलं ती खनिज म्हणून वहीत लिहितात.